तिच्या वजनाची वाळू

फोन वाजला तेव्हा तिच्या तोंडात कपड्यांचे दोन चिमटे होते आणि हातांत ओली चादर. गॅलरीत वारा होता. चादरीचं एक टोक कसंबसं दोरीवर गेलं होतं, दुसरं अंगाला चिकटत होतं, आणि फोन आत खुर्चीवर पडलेला. ती चादर तशीच खांद्यावर टाकून आत गेली आणि चिमट्यांसकट "हं" म्हणाली. "काकू, संग्रहालयातून बोलतेय," विमानांच्या दालनातली ती मुलगी पलीकडून म्हणाली. गेले काही महिने ही मुलगी अधूनमधून फोन करायची. कधी पंखाच्या कापडाचा मूळ रंग विचारायला, कधी एखादा जुना फोटो मागायला. "तुमचं विमान आता छताला टांगायचंय. काल पट्टे लावून जमिनीपासून जरा सोडवलं, तर नाक खालीच जातंय. पुढे इंजिन आहे, मागे काहीच नाही. फिटरकाकांना विचारलं, तर ते म्हणतात, मला काय विचारता, वहिनींना विचारा. उडताना मागच्या सीटवर काय असायचं हो?" तिनं तोंडातले चिमटे काढले. "मी," ती म्हणाली.

म्हणाली आणि दचकली. एवढासा शब्द, पण तोंडातून गेला तो गेला. पलीकडे मुलगी खूश झाली होती. "हो, ते माहितीये मला. म्हणजे तुमच्याइतकं वजन मागे हवं. तुमचं तेव्हाचं वजन आठवतं का, साधारण?" "अठ्ठेचाळीस," तिनं लगेच सांगितलं. "बाप रे! मला माझं गेल्या आठवड्यातलं आठवत नाही," मुलगी हसली. "मग तेवढी वाळू ठेवतो आम्ही पिशवीत भरून. परवा सकाळी उचलून बघणार आहोत, याल का? पाटीचा मजकूरही दाखवते. या विमानातली पहिली प्रवासी म्हणून तुमचं नाव घातलंय." ती बरं म्हणाली, फोन ठेवला, आणि खांद्यावरच्या चादरीचं पाणी पाठीवरून खाली ओघळतंय हे तिला फार उशिरा कळलं.

वाळूच ठेवणार. म्हणजे त्या सीटवर पुन्हा तीच बया येऊन बसणार. तिनं त्या पिशवीला तरुणपणी एक नाव ठेवलं होतं, सवत. तेव्हा थट्टेनं ठेवलं होतं, आणि शेडमध्ये सगळे हसले होते. तिचा नवरा तर इतका हसला होता की त्याच्या हातातला ब्रश खाली पडला. चारचौघांत ती त्याला ‘अहो’ म्हणायची आणि शेडमध्ये ‘अरे’. कारण शेडमध्ये तो नवरा नसायचाच, लाकडाचा भुसा आणि वंगण यांनी माखलेला एक वेडा माणूस असायचा आणि वेड्याला कोण अहो-जाहो करतं? बंद पडलेल्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याची ती शेड होती. दिवसभर तो एका कारखान्यात नकाशे काढायचा आणि उरलेला सगळा जीव त्या पत्र्याखाली ओतायचा. त्याला शेपूट नसलेलं विमान करायचं होतं. लोक म्हणायचे, अहो, शेपूट काय देवानं उगाच दिलंय का पक्ष्याला? तो म्हणायचा, वटवाघळाला कुठे आहे एवढं? त्याला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असायचं. घरभाडं सोडून.

रात्री जेवणं झाली की तो तिला उडायला निघालेल्या पहिल्या लोकांच्या गोष्टी सांगायचा. कुणी पंख बांधून टेकडीवरून उडी घ्यायचा आणि दर उडीनंतर तीच टेकडी पुन्हा चढायचा. कुणी वाफेचं इंजिन बसवून बघितलं, आणि इंजिन इतकं जड झालं की विमान उंबऱ्याबाहेर येईना. सायकलचं दुकान चालवणारे दोन भाऊ, ज्यांना गावात कुणी फारसं विचारत नव्हतं. तो सांगताना उठून उभा राहायचा, हात पसरायचा, खोलीतल्या दिव्याला डोकं लागायचं. तिला त्या गोष्टी आवडत, पण तिचे प्रश्न भलतेच असत. त्याची बायको काय करत होती तेव्हा? पंखाचं कापड कुणी शिवलं? एकदा त्यानं सांगितलं, अगदी सुरुवातीच्या दिवसांत एक बाई विमानात बसली, आणि तिचा घोळदार झगा वाऱ्यानं उडू नये म्हणून पायांशी दोरीनं बांधला होता. ती उठून बसली. "मग? कसं वाटलं तिला वरती?" त्यानं विचार केला, पुस्तकाची पानं चाळली. "ते नाही लिहिलं," तो म्हणाला. इंजिनाची ताकद लिहिली होती, पंखांची लांबी लिहिली होती, किती मिनिटं हवेत होते तेही लिहिलं होतं. त्या बाईला पाय बांधलेल्या अवस्थेत वरून काय दिसलं, एवढंच तेवढं राहिलं होतं. "तू बसशील तेव्हा तू लिही," तो म्हणाला होता. ते वाक्य त्यानं सहज टाकलं, कूस बदलली आणि घोरायला लागला. तिला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

पंखाचं कापड तिनंच शिवलं. उभे टाके, आडवे टाके, मग ते कापड सांगाड्यावर ताणायचं आणि वरून डोप लावायचं. डोप म्हणजे एक औषध, लाखेसारखं. वाळलं की कापड आवळून ढोलकीसारखं टणटणीत होतं. त्याचा वास पिकून पिवळ्या पडलेल्या पेरूसारखा गोड आणि डोकं उठवणारा. तिच्या केसांना तो वास महिनोन्महिने होता. बाजारात भाजीवाली विचारायची, बाई, कुठलं तेल लावता? मागची सीट तिच्या मापाची होती. त्यानं तिला प्लायवुडच्या फळीवर बसवून सुताराच्या पेन्सिलीनं तिच्याभोवती रेघ मारली होती, आणि ती गुदगुल्या होऊन हलली म्हणून एका बाजूला रेघ वाकडी गेली. फळी तशीच वाकडी कापली गेली. पण सीट विमानात बसवून झाल्यावर तिच्यावर बसली ती वाळू. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना.

वाळू मापायची होती त्या दिवशी तो तिला लाकडाच्या वखारीत घेऊन गेला होता. तिथे दोन पारड्यांचा मोठा काटा होता. एका पारड्यात ती पाय दुमडून बसली, दुसऱ्यात गोणपाटाची पिशवी ठेवून तो आणि फिटर फावड्यानं वाळू टाकत राहिले. फिटर म्हणजे त्याचा मित्र. त्याला सगळं जग फिटर म्हणायचं, लग्नानंतर त्याची बायकोसुद्धा. वखारवाला बाजूला उभा राहून म्हणाला, "साहेब, बायको विकायला काढली का?" "बायको नाही, तिचं वजन तेवढं नेतोय," तो म्हणाला. वाळू पडत गेली तशी ती वर आली. पारडी एका रेषेत आली तेव्हा तो तिच्यासमोर उभा होता, कपाळावर घाम, आणि तिच्याकडे असं बघत होता की तिला वाटलं, आपल्याला आजवर असं नीट कुणी मोजलंच नाही. ते सुख खरं होतं. आज सत्तरी उलटल्यावरही ती ते नाकारत नाही. तिला त्याचा राग येतो तो त्या सुखासकट येतो, म्हणून तर तो जात नाही.

"आधी वाळू, मग तू," असं ठरलं होतं. ठरवणाराही तोच. पहिल्यांदा उडताना वाळू, हे तिला पटलं. नवीन यंत्र, कुणाचा भरवसा. दुसऱ्यांदा पंखाच्या टोकाला थरथर होती. मग इंजिन तापत होतं. मग तापत नव्हतं, पण का तापत नाही ते कळत नव्हतं. "अजून एकदा वाळू," तो म्हणायचा, आणि फिटर मान खाली घालून पिशवी उचलायचा. ती धावपट्टीच्या कडेला उभी राहून बघायची. विमान छोटं होत होत तळ्यावरून वळायचं, ऊन पंखांवर यायचं आणि ती शिवण तिला खालून ओळखू यायची, हा उजवा पंख, इथे आपला दोरा संपला होता. तो उतरल्यावर धावत जाऊन ती विचारायची, काय दिसलं? तो सांगायचा. तळं ताटाएवढं दिसतं. रस्त्यावरची बैलगाडी हलतच नाही असं वाटतं. आपल्या शेडचा पत्रा चमकतो आणि त्याच्यापुढे एक ठिपका असतो, तो म्हणजे तू. तो ठिपका तिनं पुढे कितीतरी दिवस मनात धरून ठेवला. आपण आहोत तरी, इतकंच त्यातून कळायचं.

मग एकदा नक्की झालं. तिनं शिंप्याकडून पँट शिवून घेतली, तपकिरी, जाड कापडाची. तेव्हा बायका सर्रास पँट घालत नव्हत्या. शिंप्यानं माप घेताना तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघितलं. सकाळी ती तयार होऊन शेडवर गेली. फिटरनं टाळ्या वाजवल्या. नवरा धावपट्टीवरच्या फडक्याकडे बघत उभा होता. फडकं आडवं होत होतं. तो बराच वेळ उभा राहिला, मग तिच्याकडे न येता फिटरकडे गेला, आणि ती समजली. "वारा आहे," तो म्हणाला. "तुला काही झालं तर मी काय करू?" आणि हे तो मनापासून म्हणाला होता. त्यात खोट असती तर तिला भांडता आलं असतं. वाळूला बांधून तो उडाला. त्याच्या सगळ्या उड्डाणांतलं ते सर्वांत देखणं उड्डाण होतं, आणि उतरताना चाकाचा दांडा मोडला. दांडा काही मोठा नव्हता. पण तो करून होईस्तोवर परवान्याची मुदत संपली, मुदत वाढवून मिळेपर्यंत तिला दिवस गेले, आणि मुलगी झाली त्या वर्षी धावपट्टीची जागा गोदामांसाठी गेली. कुणाचा काही दोष नव्हता. तपकिरी पँट तिनं घर सारवण्या-धुण्याच्या दिवशी घालून फाडली.

पुढचं घडलं ते इतकं हळूहळू की त्याला खोटेपणा म्हणणं तिला आजही जड जातं. विमान एका तंत्रशाळेला द्यायचं ठरलं तेव्हा वर्तमानपत्राचा माणूस आला होता. त्यानं विचारलं, मागे कोण बसायचं? नवरा म्हणाला, "आम्ही दोघं उडायचो." तो तिच्याकडे बघून हसला. त्याच्या लेखी ते खरंच होतं. वाळू काय, ती काय, काट्यावर एकच. ती चहाचे कप घेऊन उभी होती. त्या क्षणी नाही म्हणायला हवं होतं, पण पाहुण्यापुढे नवऱ्याला खोटं पाडायचं कसं, आणि शिवाय, हे खरं सांगायचं तर, तिला ते ऐकायला फार गोड लागलं. बातमी आली. लोक विचारायला लागले. लग्नाकार्यात, बारशाला, तो म्हणायचा, "हिलाच विचारा, वरून तळं कसं दिसतं." आणि ती सांगायची. ताटाएवढं. बैलगाडी हलतच नाही. ती त्याच्यापेक्षा सुरेख सांगायची. तिला ते सगळं रोज दिसत होतं ना. ऐकणाऱ्या बायका डोळे मोठे करायच्या. मुलीनं शाळेत निबंध लिहिला, माझी आई, आणि बक्षीस आणलं. मग बोलायची सोयच उरली नाही.

त्यातली खरी मेख लोकांना कळण्यासारखी नव्हती. जेवली म्हणून जिच्याबद्दल गावभर सांगितलं, तिनं भूक लागली म्हणायचं कसं? ज्यांना काही मिळालं नाही, त्यांना निदान हळहळता येतं. तिची हळहळसुद्धा त्या बातमीनं नेली. पुढे मुलीनं तिला दोनदा मोठ्या विमानातून नेलं, खिडकीची जागा दिली, हवाईसुंदरीनं पाणी दिलं. ढग दिसले. "आई, तुला काय नवल," मुलगी म्हणाली. ती खिडकीला नाक लावून बसली आणि तिला कळलं की आपल्याला आभाळ नकोच होतं. आपल्याला त्याच्या मागे बसायचं होतं. ते वाकडं कापलेलं प्लायवुड, कानात इंजिन, पुढे त्याची मान, आणि तो ज्या जागी सगळ्यांना सोडून एकटा जायचा ती जागा एकदा बघायची होती. बसमध्ये बसल्यासारखी ती त्या मोठ्या विमानातून उतरली, आणि घरी येऊन मस्त होतं म्हणाली.

तो शेवटचा आजारी होता तेव्हा एका दुपारी त्यानं तिला जवळ बसवून घेतलं. औषधांनी त्याचं बोलणं संथ झालं होतं. "तुला आठवतं," तो म्हणाला, "तळ्यावरून वळताना तू घाबरलीस आणि माझ्या पाठीला हात लावलास?" तिला ते वळण माहीत होतं. त्या दिवशी पिशवीचा पट्टा सैल झाला होता आणि वाळू पुढे सरकून त्याच्या पाठीला टेकली होती. उतरल्यावर त्यानं फिटरला झाडलं होतं, तिच्यादेखत. एवढ्या वर्षांत वाळू पुसली गेली होती आणि तिथे ती येऊन बसली होती. त्याच्या डोक्यात ती खरोखर उडाली होती, त्याच्याबरोबर, किती तरी वेळा. "आठवतंय ना?" त्यानं पुन्हा विचारलं. "हो रे," ती म्हणाली, "फार घाबरले होते." तो समाधानानं हसला. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि त्या आवाजात रडली. नवरा जाणार म्हणून रडली, हे तर होतंच. पण त्याच्याकडे जे होतं ते आपल्याकडे नाही, म्हणूनही रडली. आणि असं कुणी त्या वेळी रडतं का, याची लाज वाटून आणखी रडली.

आता ती ओली चादर पुन्हा दोरीवर टाकायला गॅलरीत गेली. खाली रस्त्यावर माणसं कामाला निघाली होती. आपण ‘मी’ का म्हणालो, हे ती चिमटे लावता लावता शोधत राहिली. सवयीनं म्हणालो असतो तर दचकलो नसतो. वाळू ठेवतो म्हटल्यावर पोटात जे तुटलं, ते सवयीचं नव्हतं. विमान एकदा छताला गेलं की गेलं. खाली उभं राहून बघायचं, पंखाची शिवण ओळखायची, ठिपका व्हायचं. तेच पुन्हा, आणि या वेळी कायमचं. परवा सकाळपर्यंत ते जमिनीवर होतं.

ठरल्या दिवशी सकाळी तिची मुलगी रजा टाकून तिला न्यायला आली. "रडू नकोस हं आई तिथे," गाडीत बसता बसता म्हणाली, "मलाही येईल मग." दालन उंच होतं, वरच्या खिडक्यांमधून ऊन तिरकं येत होतं. विमान मधोमध होतं, पोटाखालून रुंद पट्टे, वर लोखंडी तुळईला कप्पी आणि साखळ्या, खाली जाड गाद्या पसरलेल्या. ते इतकं लहान होतं! तिच्या मनात ते वाढत गेलं होतं बहुतेक. फिटर आधीच येऊन घडीच्या खुर्चीत बसला होता, काठी गुडघ्यांत धरून. "या वहिनी," तो म्हणाला, आणि तिच्या मुलीला, "काय गं, बापासारखी दिसायला लागलीस." संग्रहालयातली मुलगी लगबगीनं आली, तिच्या पाया पडावं की हात मिळवावा या गोंधळात दोन्ही न करता हसली. पलीकडे साखळ्यांपाशी मुकादम आणि त्याची दोन माणसं होती. आणि त्यांच्या पायांशी नवी कोरी पिशवी, तोंड शिवलेली.

"ही ठेवून एकदा गुडघाभर उचलतो," मुकादम म्हणाला. "सपाट आलं की मग पिशवी सीटला बांधून टाकायची, आणि दुपारून वर." त्याचा एक माणूस पिशवीला हात घालायला वाकला. "थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "आत्ता उचलताना मी बसू का?"

संग्रहालयातली मुलगी हसली. "काकू, तसं नाही चालत. उचलताना माणूस नको आत, नियम आहे. आणि तुम्ही तर खऱ्याखुऱ्या उडालेल्या आहात. हे गुडघाभर काय, तुम्हाला त्याचं काय अप्रूप!" हेच. बरोबर हेच वाक्य, किती तरी तोंडांनी, इतकी वर्षं. तिनं फिटरकडे पाहिलं. तो काठीच्या मुठीकडे बघत होता; बोलणार नव्हता. त्यानं कधीच तोंड उघडलं नव्हतं, आणि परवा प्रश्न तिच्याकडे पाठवला तोही, सांगायचं की नाही ते तिनंच ठरवावं म्हणून, हे तिला आता कळलं. नवऱ्याचं आलं मनात. त्याच्या डोक्यातली ती, तळ्यावर घाबरलेली, ती आता कुठेच उरणार नाही. क्षणभर तिला ते जिवावर आलं. पण तो तर घेऊन गेला होता त्याचं. राहिली होती ती.

"मी कधी बसलेच नाही," ती म्हणाली. "त्यात वाळू असायची. माझ्या वजनाची."

"म्हणजे?" तिची मुलगी म्हणाली. "पण तळं? तू सांगायचीस ना, ताटाएवढं..." "ते तुझ्या बाबांनी सांगितलेलं, बाळा. मी खाली असायचे." "आणि बातमी? मी निबंध लिहिला होता त्याच्यावर! बक्षीस मिळालं होतं मला!" मुलगी पन्नाशीला टेकली होती, पण हे ती थेट चौथीतल्या आवाजात म्हणाली. "खरंय ते," फिटर खुर्चीतून म्हणाला. "पिशवी मीच उचलायचो. पाठ अजून दुखते माझी." आणि मग मान वर न करता म्हणाला, "वहिनी यायच्या दरवेळी. तयार होऊन यायच्या." त्यावर मुलीनं आईकडे पाहिलं, आणि तिचा राग, होता तो, तोंडातल्या तोंडात विरघळला.

संग्रहालयातल्या मुलीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "पाटी छापून आलीये," ती पुटपुटली. "बदला," तिनं सांगितलं. "वाळू लिहा. तिचा मान तिला द्या. मला बसू द्या फक्त." मुलगी मुकादमाकडे बघू लागली. मुकादमानं पट्ट्यांकडे पाहिलं, गाद्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, नखशिखांत, वजन जोखल्यासारखं. "माझी आई असती तर बसवलं असतं," तो म्हणाला. "गुडघ्याच्या वर नाही. दोन माणसं दोन बाजूंना." "मी मधे पाठ करून उभी राहते," संग्रहालयातली मुलगी म्हणाली, "म्हणजे मी पाहिलं नाही."

चढायला स्टूल लागलं, मुलीचा खांदा लागला, आणि एक पाय आत गेल्यावर दुसरा बाहेरच अडकून तिची फजिती झाली. मुकादमाच्या माणसानं तो पाय अदबीनं उचलून आत ठेवला. ती बसली. लाकूड एका बाजूला मांडीला जास्त जवळ लागत होतं. सीट तिला मोठी झाली होती. पुढे फक्त पुढच्या सीटची पाठ, उघडं प्लायवुड, वरची कड त्याच्या खांद्यांनी घासून काळपट झालेली. "धरा घट्ट," मुकादम म्हणाला, आणि साखळी ओढली. चाकं जमिनीवरून सुटली. एक हलका झोका बसला, आणि विमान हळूच पुढे कलून थांबलं. "नाक जातंय खाली," मुकादम ओरडला. "काकू, अठ्ठेचाळीस नाही भरत तुम्ही आता. थोडी वाळू देतो मांडीवर." "वाळू नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की फिटर हसला. "दुसरं काहीही द्या." मग तिच्या मुलीनं खांद्यावरची ऑफिसची जड पिशवी काढली, टाचा उंचावून ती आईच्या मांडीवर ठेवली, वर आपली छत्री ठेवली, पाण्याची बाटली ठेवली. विमान विचार केल्यासारखं थबकलं, आणि सपाट झालं.

साखळी पुन्हा किणकिणली. जमीन गुडघाभर खाली गेली. खालचे चेहरे तिच्याकडे वर बघत होते. तिच्या मुलीचा, फिटरचा, आणि पाठ करून उभं राहायचं विसरलेल्या त्या मुलीचाही. पंख दोन्ही बाजूंना पसरले होते, तिच्या टाक्यांचे, आणि खिडकीतलं तिरकं ऊन डाव्या पंखावरून हळूहळू सरकत होतं, कारण विमान किंचित फिरत होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं. हे पुस्तकातही नव्हतं आणि त्यानंही कधी सांगितलं नव्हतं, की आपण हलत नाही, सगळंच आपल्याभोवती सावकाश वळत जातं, आणि छातीत इतकं भरून येतं की हाताला धरायला काही सापडत नाही. "आई," खालून मुलगी म्हणाली, "कसं वाटतंय? काय दिसतंय तिथून?" तिनं तोंड उघडलं. ताट, तळं, बैलगाडी, सगळं जिभेवर तयार होतं. तिनं तोंड मिटलं.

"थांब जरा," ती म्हणाली, "मला बघू दे."

मुकादमानं आपल्या माणसांना हातानंच खूण केली, आणि साखळी तशीच धरून ते उभे राहिले.